गडामागं

संजीवनी उजवीकडे गेली होती. नाणं हातात पडून क्षणही झाला नसेल, आणि सौदामिनीला ते दिसलं. दिसलं म्हणण्यापेक्षा आधी अंगठ्याला लागलं. संजीवनी म्हणजे राजगडाच्या तीन माच्यांतली सगळ्यांत लांब माची, बालेकिल्ल्याच्या खांद्यापासून निघून उतरत उतरत दूर गेलेली. भोरच्या अंगानं, वेळवंडी नदीच्या खोऱ्यात उभं राहून गडाकडे पाहिलं की संजीवनी डावीकडे जाते. भोरमधल्या झाडून साऱ्या तसबिरींत ती डावीकडे जाते. राजगड-उत्सव समितीनं टाळ्या वाजवून पसंत केलेल्या सौदामिनीच्या चित्रातही ती मुकाट्यानं डावीकडेच गेली होती. नाण्यावर मात्र ती खुशाल उजवीकडे निघाली होती. कडेनं गोल फिरलेली ‘दुर्गराज राजगड’ ही अक्षरं सुलटी, सुबक, काना-मात्रा जिथल्या तिथं. फक्त गड उलटा. कन्याशाळेच्या शिक्षकखोलीत बायकांची ‘बघू, बघू’ अशी झुंबड उडाली होती, आणि हेडबाईंनी तर नाणी पुण्याहून यायच्या आधीच पेढे मागवून ठेवले होते. “तुमच्या हातचा गड आता घरोघर जाणार हो,” कुणीतरी म्हणालं. सौदामिनी हसली. हसू तोंडावर तसंच ठेवून तिनं मूठ मिटली.

पुढचा तास चौथीचा, चित्रकलेचा. फळ्यावर कमळ काढायचं होतं, आणि कमळ म्हणजे तिच्या हातचा मळ. पण खडू टेकवून ती उभीच राहिली. देठ कुठल्या बाजूला वळवायचा ते तिला ठरवता येईना. डाव्या मुठीत नाणं घामेजलं होतं. तांब्याचा तो आंबूस वास तिला नाकाजवळ न नेताही येत होता. तिनं देठ सरळ खाली ओढला, मुलींना ‘काढा’ म्हटलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. ही नाणी बाजारात चालायची नव्हती. गडाचा इतिहास लोकांच्या हातात, खिशात, देव्हाऱ्यात राहावा म्हणून समितीनं ती पुण्याच्या एका ठसेकाराकडून पाडून घेतली होती. उद्या उत्सव. संस्थानातल्या गावागावांतून माणसं यायची होती, गडाच्या पायथ्याची तर खास बोलावून घेतलेली. आणि दर घराला एक नाणं जायचं होतं. चित्र मुंबईच्या कुणा नावाजलेल्या चित्रकाराकडून करवून घ्यावं असा काहींचा हेका होता. समितीचे अध्यक्ष नारायणराव, निवृत्त मामलेदार, शब्दाचे करडे पण मनानं गडवेडे, त्यांनी तो मोडून काढला होता. “आपल्या गावात हात असताना परका हात कशाला?” असं भर बैठकीत म्हणून त्यांनी सौदामिनीचं चित्र वर धरलं होतं. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आणि आता नारायणरावांवरच तोंडघशी पडण्याची पाळी आली होती, तीही तिच्यामुळे. लोक काय म्हणतील ते तिला आजच ऐकू येत होतं. चूक झाली, असं नाही म्हणणार. ‘शेवटी गडामागचीच’ असं म्हणतील.

हा शब्द तिनं किती वर्षांत उच्चारला नव्हता. मनातसुद्धा. आता तो आपल्या पायांनी चालत आला आणि पहिल्या बाकावर जागा करून बसला. ती दहा वर्षांची असताना अण्णांची बदली गडाच्या पलीकडच्या पायथ्याच्या पालीहून भोरला झाली होती. अण्णा म्हणजे तिचे वडील, पालीच्या संस्थानी शाळेचे मास्तर. भोरच्या शाळेतला तिचा पहिला दिवस. बाईंनी नाव विचारलं. घरात अण्णांशी ती चांगली पुस्तकी बोलायची, गल्लीत पोरींबरोबर पालीचं. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडी गल्लीच येते. “म्या सौदामिनी,” ती म्हणाली, आणि वर्ग फुटला. एवढं झुळझुळीत नाव आणि त्याच्यामागं ‘म्या’! “कुठून आलीस गं?” “पालीस्नं.” “म्हणजे गडामागनं!” एक मुलगी टाळी देत म्हणाली. संपलं. त्या दिवसापासून ती गडामागची. भोरमध्ये गडामागं या शब्दात सगळंच यायचं. जिथं चहा मिळत नाही ते गडामागं. जिथं पाऊस धरला की महिनोन् महिने माणसाचा पत्ता नाही ते गडामागं. ज्या कारकुनावर वरिष्ठांची खप्पामर्जी त्याची बदली गडामागं, आणि ती बातमी माणसं हलक्या आवाजात सांगायची. कुणी नवं लुगडं चुकीचं नेसलं तरी बायका म्हणायच्या, गडामागची दिसतेय. सौदामिनीनं मग तो गड स्वतःवरून खरवडून काढला. आरशासमोर उभं राहून ‘नाही, नाही, नाही’ असं घोटलं. ‘न्हाई’ जिभेवर यायच्या आत गिळायला शिकली. शाळेत पहिली आली, पुण्याला शिकून बाई झाली, आणि आज भोरमध्ये शुद्ध बोलावं तर सौदामिनीबाईंनी, असं लोक म्हणत. फक्त झोपेत मात्र ती अजून ‘न्हाई’ म्हणते असं तिचा नवरा चहाच्या वेळी चिडवून सांगायचा, आणि ती चक्क रागवायची. अशा बाबतीत तिला थट्टा सोसत नसे. कमळं तपासताना तिनं त्या दिवशी सगळ्यांना सारखेच गुण दिले.

बंडूपंत, म्हणजे तिचा नवरा, कोर्टात कारकून होता. माणूस उमदा, हसरा, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीतलं आपल्याला थोडंफार कळतं अशी त्याची समजूत. ती घरी आली तेव्हा तो झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होता. तिनं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

“वा! सुरेख उठाव आलाय. बघ, मी म्हणत नव्हतो—”

“अहो, ठसा नेहमी उलटा असतो, असं तुम्ही म्हणाला होतात ना?”

“असतोच. आमच्या कोर्टाचा शिक्का बघ की. त्यावर सगळं उलटं कोरलेलं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं.”

“म्हणून मी पुण्याला चित्र उलटं करून पाठवलं. ठसेकाराला सोपं जावं म्हणून.”

अडकित्ता थांबला. बंडूपंतानं एकदा नाण्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. “आणि त्यानं?”

“त्याचा तो धंदाच आहे. कुठलंही चित्र आलं की तो आपण होऊन उलटं करूनच कोरणार. मी उलटं केलं, त्यानं उलट्याचं उलटं केलं, आणि ठोकल्यावर हे असं उमटलं. अक्षरं मी दिली नव्हती, ती त्याची त्यानं घातली. म्हणून ती तेवढी सरळ.”

बंडूपंत आधी फिस्सकन हसला. मग तिचं तोंड पाहून त्याचं हसू विझलं. शहाणपण कुणाचं अंगाशी आलं ते त्याला कळलं असावं. “अगं, एवढं काय त्यात? गड तो गड. एवढ्याशा चकतीवर डावं-उजवं बघत बसायला कुणाला वेळ आहे? तू गप्प राहा. उद्या वाटप होऊन गेलं की परवा कोण विचारतो.” तो मनापासून बोलत होता. तिला ते एकदम पटलंही. गप्प राहणं तिला चांगलं जमत होतं, सगळी हयात तिनं तेच केलं होतं. पण तेवढ्यात दारात समितीचा शिपाई उभा. नारायणरावांचा निरोप होता: उद्या सकाळी बाईंनी वाचनालयात यावं, नाण्यासंबंधी बोलायचं आहे. शिपाई पेढे मागायलाही थांबला नाही, यावरूनच काय ते समजलं.

मग तिनं समितीनं पसंत केलेलं मूळ चित्र पेटीतून काढलं आणि खिडकीच्या तावदानाशी नेलं. उन्हं कलली होती, पण उजेड भरपूर होता. चूक नेमकी किती मोठी आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, एवढाच विचार होता. याच काचेवर तिनं ते चित्र उलटं केलं होतं. कागद पालथा काचेला टेकवायचा, पलीकडच्या रेषा उजेडात दिसतात, त्यांच्यावर नुसती पेन्सिल फिरवायची. डोकं न वापरता करायचं काम. आणि तरी ती दुपार तिला लख्ख आठवली. मूळ चित्र काढताना तिला फार कष्ट पडले होते. खोडायची, पुन्हा काढायची. बालेकिल्ला नेटका बसायचा, पण परक्या घरातल्या पाहुण्यासारखा अंग चोरून. आणि त्या काचेवर मात्र हात असा सुटला होता की ती स्वतःशी गुणगुणायला लागली होती. उकडत होतं, चुलीवर आमटी होती, तिच्याकडे लक्ष नव्हतं. आमटी करपली. बंडूपंतानं ती बिनबोभाट खाल्ली. इतकी खुशी कशाची झाली होती तिला? निव्वळ गिरवण्याची? तिनं आता नाणं चित्राशेजारी धरलं. डावं ते उजवं, उजवं ते डावं, रेषेला रेष. आणि मग एका जागी नजर अडखळली. संजीवनी जिथून उतरायला लागते त्याच्या अलीकडे, कड्याच्या उतरणीत, नाण्यावर एक बारीकशी खाच होती, आणि खाचेखाली डोंगराच्या अंगावरून खाली येणारी एक वळणावळणाची रेघ. मूळ चित्रात ती नव्हती. तिनं कागद उलटा धरून, सुलटा धरून पाहिला. नव्हती. ठसेकारानं ती मनानं घातली म्हणावं तर त्या पुणेकराला राजगड माहीत असायचं कारण नव्हतं. ती खाच तिच्या हातानं काढली होती. तो पाली दरवाजा होता. आणि ती रेघ म्हणजे पालीहून गडावर जाणारी वाट.

ती तिथंच, खिडकीखाली, जमिनीवर बसली. पालीला त्यांच्या घराचं दार उघडलं की गड आत यायचा. दुसरं काही दिसायचंच नाही, गडानं दार भरून जायचं. सकाळ तिथं उशिरा व्हायची, कारण सूर्य गडाच्या पाठीमागं अडकलेला असायचा. आधी बालेकिल्ल्याची कड पेटायची, मग संजीवनीचा पाठकणा, मग ऊन त्या वाटेवरून सावकाश खाली उतरायचं, आणि अंगणात पोचलं की अण्णा म्हणायचे, “आली पालखी.” तेव्हा दात घासायचे. गड चढणाऱ्या बायका, डोक्यावर पाट्या, त्या वळणांवर दिसायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या. आई गेली त्या सकाळीही ऊन तसंच उतरलं होतं आणि अण्णा काहीच बोलले नव्हते. हे सगळं तिनं गिळून टाकलं होतं, ‘न्हाई’बरोबर, ‘म्या’बरोबर. तिला वाटलं होतं, ते पोटात जिरून गेलं. आणि हाताला मात्र सगळं ठाऊक होतं! इतकी वर्षं फळ्यावर कमळं, मोर आणि आंबे काढणाऱ्या या हाताला कुणीही न विचारता गड पालीकडून दाखवता आला होता, दरवाज्यासकट. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता लक्षात आलं की हे दुःखाचं रडू नाही. बंडूपंत दारात येऊन उभा राहिला, काय करावं ते न कळून म्हणाला, “मी जाऊन सांगू का नारायणरावांना, की चूक माझी म्हणून?” तिनं मान हलवली. त्याचं ते बोलणं तिला फार गोड वाटलं, पण तिनं मान हलवली. चूक कुणाची हा प्रश्नच आता बदलला होता. नवा प्रश्न काय आहे ते मात्र तिला अजून शब्दांत सापडत नव्हतं.

वाचनालयाच्या दालनात नाण्यांच्या लाकडी पेट्या भिंतीशी मांडल्या होत्या, झाकणं लावून. बाहेरच्या ओसरीवर आणि आवारात सकाळपासूनच गावोगावची माणसं येऊन टेकली होती. गर्दी, गलका, भाकरीची फडकी सोडलेली. आत समितीचे लोक गंभीर चेहऱ्यांनी बसले होते. नारायणरावांनी तिला खुर्ची दिली. स्वतः उभे राहिले.

“बाई, गड पाठमोरा आलाय,” ते म्हणाले. रागानं नाही. राग परवडला असता. “मी काल हे बघितलं आणि मला जेवण गेलं नाही. जन्मभर ज्याच्याकडे तोंड करून नमस्कार केला, त्यानं पाठ फिरवल्यासारखं झालं. तुम्ही मुद्दाम काही केलं नसणार, मला ठाऊक आहे.”

तिनं कसं झालं ते सांगितलं. काच, उलटा कागद, ठसेकार. कोर्टाच्या शिक्क्याचं नाव काढलं नाही. बंडूपंत मागं भिंतीला टेकून उभा होता, त्यानं कृतज्ञतेनं छताकडे पाहिलं. मग नारायणराव म्हणाले, “ठीक. आपण तुमचं नाव घेणार नाही. नाणी आज पुण्याला परत जातील. आटवायची, नवा ठसा करायचा, पुन्हा पाडायची. आज आलेल्या मंडळींना पेढे देऊ आणि सांगू, नाणी मागाहून मिळतील. तुम्ही फक्त मान्य आहे म्हणा.” किती सोपं होतं. नाव राहिलं, अब्रू राहिली, कुणी गडामागची म्हणणार नाही. मान्य, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. पेट्यांच्या झाकणांखाली तो गड अंधारात पालथा पडला होता, शेकडो वेळा. तो आता भट्टीत जाणार, पाली दरवाज्याची खाच वितळून सपाट होणार, आणि तिला पुन्हा कमळं काढायची. तिनं तोंड मिटून घेतलं.

तेव्हा ओसरीवरून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आत आला. कानानं थोडी कमी असावी, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं बोलत होती. “पानी लई ग्वाड हाय बगा हितलं! मंजी येवढी म्हातारी झाले, पर गडामागं पयल्यांदाच आले म्या. खिंड वलांडली, मागं वळून बगितलं, तर गड वळखूच यीना! समदा पाठमोरा! म्हनलं, कुंडलिका, ह्ये कुटं आनलंस रं मला?”

दालनात सगळ्यांनी ते ऐकलं. आधी कुणाला अर्थच लागला नाही. मग लागला. समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भोर, गडामागं? संस्थानची राजधानी, दोन शाळा, कोर्ट, वाचनालय, सर्व्हिस मोटार, आणि गडामागं? सौदामिनीच्या पोटातून हसू आलं. ते दाबायला ती खाली वाकली, पण ते दाबलं गेलं नाही. ती मोठ्यानं हसली, या दालनात कुठलीही बाई कधी हसली नव्हती तेवढ्या मोठ्यानं. हसता हसता इतक्या वर्षांचं काहीतरी जड, तिढ्याचं, छातीतून सुटून पडलं. रात्रभर न सापडलेला प्रश्न समोर येऊन उभा राहिला. ती उठली.

“न्हाई,” ती म्हणाली. “आटवायची न्हाई.”

बंडूपंत भिंतीपासून सरळ झाला. हे त्यानं फक्त अंधारात ऐकलेलं होतं. सौदामिनीनंही ते ऐकलं. तिनं तो शब्द गिळला नाही, दुरुस्त केला नाही, तसाच दालनाच्या मधोमध राहू दिला. “बाई—” नारायणराव म्हणाले.

“गडाला पुढं कुठलं आणि मागं कुठलं, हे कुणी ठरवलं? घराचं तोंड कुठं म्हणतो आपण? दार असेल तिकडं. राजगडाचं थोरलं दार पालीच्या अंगाला आहे. हत्ती अंबारीसकट आत जाईल असं दार, नीट बांधलेली वाट. पालख्या तिकडून चढल्या, राजाची माणसं तिकडून आली-गेली. आपण इकडे बसून गडाची पाठ बघत आलो, आणि तिलाच तोंड समजून नमस्कार करत आलो. नाण्यावर गड पाठमोरा नाही आलेला, नारायणराव. पहिल्यांदाच समोरून आलाय.”

बोलून झाल्यावरही ती बसली नाही. नारायणरावांनी पेटीतून एक नाणं काढलं. चष्मा कपाळावर सारून ते अगदी डोळ्यांजवळ नेलं. मग बोटाच्या नखानं त्यांनी एक जागा दाखवली. “ही खाच कसली?”

“पाली दरवाजा.”

“तुमच्या चित्रात नव्हती.”

“नव्हती. भोरकडून ती दिसतच नाही. मी नुसतं चित्र उलटं करायला बसले होते, पण हातानं पालीचा गड काढला. मी पालीची आहे. दहा वर्षांची होईतो हाच बघितलाय.”

म्हणजे बोललं गेलं. भर समितीत, तिच्या स्वतःच्या तोंडानं. आभाळ कोसळलं नाही. उलट तिला खूप भूक लागल्यासारखं झालं. नारायणराव खिडकीशी गेले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगता येत नाही. पण हा माणूस गडावर प्रेम करणारा होता, आणि अशा माणसाला, आपण प्रेम केलं त्याची एक अख्खी बाजू आपल्याला ठाऊक नव्हती असं कळलं, की त्याला आधी राग येतो आणि मग लहान मुलासारखी हाव सुटते. वळले तेव्हा चेहऱ्यावर हाव होती. “मी दर वेळी इकडून, भुतोंड्याच्या अंगानंच चढलो,” ते पुटपुटले. “वर गेलो, पद्मावतीच्या पाया पडलो, आलो त्याच वाटेनं उतरलो.” मग एकदम मामलेदारी आवाजात शिपायाला म्हणाले, “पालीची मंडळी आली आहेत ना? आत बोलवा. आणि कुणी त्यांना काही सांगायचं नाही. एक शब्द नाही.”

पालीचा कुंडलिक पाटील आत आला. त्याच्या हाताला धरून ती ओसरीवरची म्हातारी, सगुणाबाई. मागं आणखी चार-सहा माणसं, दाराशीच घुटमळलेली. एवढी पुस्तकं पाहून सगुणाबाईनं आधी पदर सावरला. नारायणरावांनी तिच्या सुरकुतलेल्या तळहातावर नाणं ठेवलं. “आजी, हे बघा. कुठला गड ओळखता येतो का?”

सगुणाबाईनं नाणं लांब धरलं, जवळ धरलं. मग ते कपाळाला लावलं. “आता ह्येला काय वळखायचं?” ती जवळजवळ चिडून म्हणाली. “दार उगडलं की ह्योच दिसतुया. ह्यो आमचा गड.” तिनं नाण्याच्या तळाला, गडाच्या पायथ्याशी, जिथं काहीच कोरलेलं नव्हतं अशा कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. “आन् ह्ये हितं माजं घर.”

“तुमचं कसं हितं, आत्ये?” कुंडलिक पुढं वाकला. “तुमचं वड्याच्या अल्याड. हितं तर आमची वस्ती.”

“मला सांगतुयास? वाट ज्या जाग्याला उतरती ती बग की!”

दाराशी घुटमळलेली माणसं पुढं सरकली. पेट्यांची झाकणं कधी उघडली गेली ते कळलंच नाही. हातोहात नाणी गेली आणि दालनात एकच गलका उडाला. कुणाचं शेत, कुणाचं देऊळ, कुणाचा आंबा, सगळं त्या एवढ्याशा कोऱ्या पट्टीत. तिथं जागेवरून भांडणंसुद्धा लागली. समितीचे लोक खुर्च्या सोडून मध्ये घुसले. सौदामिनी त्या गर्दीत कशी शिरली, तिला कळलं नाही. तिनं सगुणाबाईच्या नाण्यावर बोट ठेवलं. “आन् शाळा हितं, व्हय ना? शाळेच्या मागं आमी ऱ्हायचो. मास्तरांची सौदा म्या.”

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं. ओळखायला वेळ लागला. मग तिनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. “अगं बया! मास्तरांची? येवढी मोटी झालीस व्हय? हितं गडामागं दिली व्हय गं तुला?”

“व्हय,” सौदामिनी म्हणाली. “हितंच दिली.” भिंतीशी उभा असलेला बंडूपंत, या क्षणापासून गडामागचा जावई झालेला, पोट धरून हसत होता.

नारायणराव या सगळ्या गर्दीवरून वाकून पाहत होते. चष्मा कपाळावरच राहिलेला. “अहो आजी, सगळ्यांची घरं सापडली,” ते म्हणाले, “पण मग आमचं भोर कुठं आलं यात?”

सगुणाबाईनं नाण्याकडे पाहिलं. गडाच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. जरा विचार केला. मग दोन बोटांनी नाणं अलगद पालथं केलं. त्या बाजूला समितीचं नाव होतं, साल होतं, आणि मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘भोर’. तिला वाचता येत नव्हतं.

“ह्ये ह्या अंगाला,” ती म्हणाली.